कार्यालयीन दूरध्वनीची भाषा : मात्रा, संकेत आणि क्रमांकयोजना

आमच्या विभागात प्रत्येक टेबलावरील दूरध्वनीशेजारी एक पिवळसर कार्ड चिकटविलेले असे. यंत्र बसविणाऱ्या मंडळींनी ते दिले होते. इंग्रजीतील सतरा सूचना आणि प्रत्येकीपुढे एकदोन चिन्हे व काही अंक, असे त्याचे स्वरूप होते. हे कार्ड चार वर्षे डोळ्यांसमोर असूनही, बाहेरून आलेला फोन न तोडता दुसऱ्या खोलीत जोडून देणे विभागातील बावीस माणसांपैकी अवघ्या तिघांनाच साधत असे. उरलेले आम्ही सर्व जण फोन करणाऱ्यास "पाच मिनिटांनी पुन्हा करा" असे सांगत असू, अथवा शिपायास धाडून संबंधित गृहस्थांस बोलावून घेत असू. भाषेचे अध्ययन-अध्यापन जेथे चालते त्या विभागाची ही स्थिती असावी, ही गोष्ट काहीशी लाजिरवाणीच म्हणावयास हवी. कारण, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, अडचण यंत्राची नव्हती, भाषेची होती.

कार्यालयातील खोल्यांना परस्परांशी, आणि गरजेप्रमाणे बाहेरच्या मोजक्या लाइनींशी, जोडून देणारे जे छोटे एक्स्चेंज असते त्यास व्यवहारात ईपीएबीएक्स म्हणतात. आमच्या इमारतीत अठ्ठेचाळीस एक्स्टेन्शन आणि बाहेरच्या सहा लाइनी आहेत. अलीकडे संगणकाच्या जाळ्यावरून चालणारी यंत्रेही आली आहेत; परंतु त्यांतही वापरणाऱ्याने दाबावयाचे संकेत बहुतांशी जुन्याच वळणाचे आहेत. या यंत्रास आपण जे सांगतो ते एका लहानशा भाषेत सांगत असतो. तिला वर्ण आहेत, मात्रा आहेत, पदे आणि वाक्ये आहेत आणि संदिग्धताही आहे. कार्ड पाठ करून ही भाषा येत नाही; उलट तिची रचना ध्यानी आली म्हणजे कार्डाची गरज फारशी उरत नाही. आणि जो कोणी या यंत्रात क्रमांकांची योजना भरतो, तो जाणून वा न जाणता व्याकरणकाराचेच काम करीत असतो. त्याच्या हातून घडलेल्या चुकीची किंमत दर वेळी केवळ गैरसोयीने फिटते असे नाही.

प्रथम मात्रांचा विचार करू. फिरत्या तबकडीच्या जुन्या दूरध्वनीत अंक पाठविणे म्हणजे तारेतील विद्युत्प्रवाह तितक्या वेळा तोडणे. १ साठी एकदा, ५ साठी पाच वेळा, आणि ० साठी दहा वेळा. सेकंदास दहा या गतीने हे खंड पडत आणि प्रत्येक वेळी प्रवाह सुमारे ६० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या साठ-सहस्रांश भागाइतका, तुटलेला राही. आता रिसीव्हर खाली ठेवणे म्हणजे तरी काय? तोच प्रवाह तोडणे, पण दीर्घ काळ. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा खंड आहे, त्यास 'फ्लॅश' असे नाव आहे. संभाषण न तोडता "जरा इकडे लक्ष दे, मला काही सांगावयाचे आहे" असे यंत्रास कळविण्याचा तोच एक मार्ग. म्हणजे आघात एकच, प्रवाहाचा खंड. आणि केवळ कालमानावरून त्याचे तीन अर्थ : अल्प असेल तर अंक, मध्यम असेल तर हाक, आणि लांबला तर निरोप. ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत हा भेद पाणिनीने कोंबड्याच्या आरवण्यातील उकारांच्या आधारे सांगितला असे टीकाकार मानतात. त्याची आठवण येथे झाल्याखेरीज राहत नाही.

तथापि एक फरक आहे, आणि आमच्या विभागातील तुटलेल्या फोनांचे मूळ त्या फरकातच होते. भाषेतील मात्रा सापेक्ष असते. सावकाश बोलणाऱ्याचा ऱ्हस्व हा घाईने बोलणाऱ्याच्या दीर्घाइतका असला तरी ऐकणाऱ्यास अडचण पडत नाही, कारण तो बोलणाऱ्याच्या गतीशी आपला कान जुळवून घेतो. आपल्या मराठीत तर इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद उच्चारात फारसा अर्थभेदक उरलेलाच नाही. तो शुद्धलेखनाच्या वहीत जेवढा जागता आहे तेवढा जिभेवर नाही. यंत्र मात्र घड्याळ लावून ऐकते. उत्तर अमेरिकेत ३०० पासून १००० मिलिसेकंदांपर्यंतचा खंड फ्लॅश म्हणून धरण्याची चाल आहे. ब्रिटनमध्ये आणि युरोपातील अन्य काही देशांत तो सुमारे १०० मिलिसेकंदांचा असतो. आमच्या यंत्रात फ्लॅशचे मान ६०० च्या आसपास धरलेले होते. टेबलांवरील उपकरणे मात्र वेळोवेळी निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेली. त्यांपैकी काहींचे फ्लॅशचे बटण १०० चा खंड पाडणारे होते. अशा उपकरणावर कारकुनाने फ्लॅश दाबून २१४ हा क्रमांक लावला की यंत्रास ती हाक ऐकूच जात नसे, आणि ते तीन अंक म्हणजे तीन कर्कश सूर फोनवर थांबलेल्या माणसाच्या कानात पडत. दुसऱ्या काही उपकरणांना असे बटणच नव्हते. तेथे लोक हूक हाताने दाबीत. आणि आपण नीट दाबला की नाही या शंकेने जरा अधिकच वेळ दाबून धरीत. यंत्रास तो निरोप वाटे व फोन तुटे.

एकीकडे हाक अंकाइतकी ऱ्हस्व होत होती, दुसरीकडे ती निरोपाइतकी प्लुत होत होती. दोन्ही परिणामांस आम्ही "मशीन बिघडले आहे" हे एकच नाव दिले होते. उपाय अगदीच साधा निघाला. यंत्राच्या कार्यक्रमात फ्लॅशची खालची व वरची मर्यादा बदलता येते आणि बहुतेक उपकरणांच्या पाठीवर वा पोटात तो खंड निवडण्याची एक बारीक खिटी असते. दोहोंचा मेळ घातला, आणि ज्या सूचनेचा अर्थ चार वर्षे लागला नव्हता ती एका दुपारी सर्वांना जमू लागली.

बटणांच्या उपकरणात अंक खंडांनी न पाठविता सुरांनी पाठविला जातो. ही पद्धत अमेरिकेत १८ नोव्हेंबर १९६३ रोजी सार्वजनिक उपयोगात आली. त्या वेळी बटणे दहाच होती. स्टार आणि हॅश ही दोन १९६८ पासून त्यांच्या जोडीस आली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या पद्धतीची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बटण दाबले असता एक नव्हे, दोन सूर एकाच वेळी निघतात. बटणांच्या आडव्या चार ओळींस ६९७, ७७०, ८५२ व ९४१ हर्ट्झ हे चार मंद्र सूर नेमून दिलेले आहेत, आणि उभ्या तीन रकान्यांस १२०९, १३३६ व १४७७ हे तीन उच्च. १ या अंकाचा ध्वनी म्हणजे ६९७ अधिक १२०९. ५ चा म्हणजे ७७० अधिक १३३६. क पासून म पर्यंतच्या पंचवीस स्पर्शवर्णांची मांडणी आपण बालपणी पाठ करतो, तिचेही तत्त्व हेच नाही काय? ओळ स्थान सांगते, रकाना प्रयत्न सांगतो, आणि वर्ण म्हणजे त्या दोहोंचा संयोग. लक्षणे थोडी आणि त्यांच्या जुळणीतून वर्ण पुष्कळ, हा काटकसरीचा मार्ग होय. चौथा रकाना, १६३३ हर्ट्झचा, योजनेत आहे, पण आपल्या टेबलावरील उपकरणांत नाही. अमेरिकी लष्कराच्या दूरध्वनीजाळ्यात त्याची चार बटणे संदेशाची निकड दर्शविण्यासाठी वापरीत. वर्णमालेत जागा असूनही बोलीत न उतरलेल्या वर्णासारखी त्याची अवस्था आहे. हे सूर परस्परांच्या पटीत येणार नाहीत अशा बेताने निवडले आहेत. नाही तर कोणाच्या बोलण्यातील वा शिट्टीतील सुरालाच यंत्र अंक समजून बसले असते.

वर्णांनंतर पदे. येथे खरा गुंता आहे. 'काम' हा शब्द ऐकला म्हणजे तो तेथेच संपला की 'कामगार' अथवा 'कामगिरी' व्हावयाचा आहे, हे पुढचा ध्वनी येईपर्यंत कळत नाही. माणूस संदर्भावरून, आघातावरून, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तर्क करतो. यंत्रापाशी असला कोणताच आधार नाही. २१ हा एक क्रमांक असेल आणि २१४ हा दुसरा, तर २१ दाबल्यावर यंत्राने काय करावे? एक तर ताबडतोब २१ ला घंटा द्यावी, म्हणजे २१४ कधीच लागावयाचा नाही. नाही तर चार-पाच सेकंद वाट पाहावी, म्हणजे २१ लावणारा प्रत्येक जण तेवढा वेळ खोळंबणार. यावर निर्दोष उपाय एकच : कोणताही पूर्ण संकेत हा दुसऱ्या संकेताचा आरंभ असता कामा नये. हा नियम ज्याने पाळला नाही त्याची क्रमांकयोजना कागदावर कितीही नेटकी दिसो, वापरात ती अडखळणारच.

शून्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. आपल्याकडील पुष्कळ कार्यालयांत बाहेरची लाइन ० ने मिळते आणि ऑपरेटर ९ ने. अमेरिकेत सामान्यतः याच्या उलट चाल आहे. समजा, मुंबईतील एखाद्या कार्यालयातून पुण्याचा क्रमांक लावावयाचा आहे. पहिले ० "मला बाहेर जाऊ दे" असे कार्यालयाच्या यंत्रास सांगते. दुसरे ० "मला गावाबाहेर जाऊ दे" असे सार्वजनिक एक्स्चेंजला सांगते. त्यानंतरचे २० म्हणजे पुणे. त्यातील ० काहीच सांगत नाही, ते केवळ त्या नावातील एक अक्षर आहे. तीन शून्ये आणि तीन कार्ये. शिवाय ऐकणारे दोन. परदेशी बोलावयाचे तर एक्स्चेंजला दोन शून्ये द्यावी लागतात, म्हणजे कार्यालयातून एकूण तीन.

त्यात १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइल क्रमांकाच्या पूर्वी ० लावणे देशभर आवश्यक ठरले. त्यापूर्वी स्थानिक मोबाइल क्रमांकास ते लागत नसे. या बदलानंतर आमच्या कार्यालयात कित्येक दिवस एक संवाद रोज घडे. ध्वनिमुद्रित आवाज "क्रमांकापूर्वी शून्य लावा" असे बजावी आणि कारकून रिसीव्हरकडे पाहून म्हणे, "अहो, लावले आहे की!" दोघांचेही खरे होते. कारकुनाचे शून्य कार्यालयाच्या यंत्राने घेतले होते. ते एक्स्चेंजपर्यंत पोचलेच नव्हते. पहिल्या शून्यानंतर रिसीव्हरमधील टोन बदलतो किंवा क्षणभर थांबून नव्याने सुरू होतो. त्या जागी पहिले वाक्य संपते व दुसरे सुरू होते. तो बदल ऐकून पुढचे अंक दाबण्याची सवय ज्यांना लागली त्यांची ही चूक कायमची सुटली. कार्डावर याविषयी अक्षरही नव्हते.

आता सोयींकडे वळू. कार्डावरील सतरा सूचना इंग्रजी नामांच्या होत्या : ट्रान्स्फर, पिकअप, फॉरवर्ड, फॉलो-मी, पार्क इत्यादी. त्यांचे मराठीकरण करण्याचा एक प्रयत्न मध्यंतरी विभागातच झाला आणि त्यातून 'स्थानांतरण', 'अग्रेषण', 'धारण' असे शब्द निघाले. प्रस्तुत लेखकही त्या पापात सहभागी होता. ते शब्द कोणी वापरले नाहीत हे योग्यच झाले. लोक बोलतात ते असे : "साहेबांना फोन जोडून देतो", "त्यांचा फोन इकडूनच घेतो", "जरा होल्ड करा". म्हणजे जेथे इंग्रजी नामाने सांगते तेथे आपली माणसे क्रियापदाने सांगतात. त्या दृष्टीने पाहिले असता सतरा सोयींपैकी बहुतेक सर्व देणे, घेणे आणि ठेवणे या तीन क्रियापदांत बसतात. हाती असलेला फोन दुसऱ्यास देणे म्हणजे ट्रान्स्फर. तो सांगून देता येतो, म्हणजे फ्लॅश दाबून, क्रमांक लावून, पलीकडच्याशी दोन शब्द बोलून मग आपण रिसीव्हर ठेवावयाचा. अथवा न सांगता देता येतो, म्हणजे घंटा वाजू लागताच ठेवून द्यावयाचा. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून घेणे म्हणजे पिकअप. आलेला फोन यंत्रातच एका जागी ठेवून दुसऱ्या खोलीतून उचलणे म्हणजे पार्क.

फॉरवर्ड आणि फॉलो-मी यांत लोकांचा नेहमी घोटाळा होई, कारण दोहोंचे फळ एकच आहे : माझे फोन दुसरीकडे वाजतात. भेद आहे तो बोलणारा कोठे उभा आहे यात. स्वतःच्या टेबलावरून "माझे फोन तिकडे दे" म्हणणे हे फॉरवर्ड. दुसऱ्याच्या खोलीत जाऊन "माझे फोन इकडे आण" म्हणणे हे फॉलो-मी. नेणे आणि आणणे यांतील फरक मराठी मुलास लहानपणीच कळतो. तो ज्या नावांनी झाकला जातो ती नावे सदोष समजावीत.

संकेतांत स्टार आणि हॅश यांची योजना मात्र सुंदर आहे. मोबाइलच्या जागतिक प्रमाणानुसार *२१* मग क्रमांक आणि शेवटी # म्हणजे फोन तिकडे वळव. #२१# म्हणजे वळवू नको. आणि *#२१# म्हणजे सध्या वळविलेला आहे काय? आमच्या यंत्रातही हाच नमुना आहे. क्रिया एकच, २१. तिच्यापूर्वी स्टार असता विधी, हॅश असता निषेध, दोन्ही असता प्रश्न. हे तीन प्रत्यय ज्यास कळले त्यास निषेधाचे व प्रश्नाचे संकेत निराळे पाठ करावे लागत नाहीत. आणि ज्यास ते कळले नाहीत त्याची फसवणूक किती सहज होऊ शकते, हेही गेल्या काही वर्षांत दिसले. "तुमची लाइन तपासावयाची आहे, एवढे अंक दाबा" असे सांगून भामट्यांनी लोकांकडून त्यांचेच फोन आपल्याकडे वळवून घेतले, आणि मग बँकेचे परवलीचे अंकही त्यांच्याच कानी पडू लागले. अशा प्रकारांमुळे १५ एप्रिल २०२४ पासून मोबाइलवरील संकेतांनी फोन वळविण्याची सोय थांबविण्याचा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांस दिला. त्या माणसांनी एक पूर्ण आज्ञार्थी वाक्य स्वतः उच्चारले होते; फक्त त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता.

येथवरच्या चुका फार तर मनस्तापाच्या म्हणता येतील. पुढची तशी नव्हती.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका सायंकाळी, कार्यालय सुटल्यानंतर, वाचनालयातील एका सहकाऱ्यांच्या छातीत कळ येऊ लागली. तेथे असलेल्या तरुण साहाय्यकाने प्रसंगावधान राखून टेबलावरचा रिसीव्हर उचलला आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. ती वाजतच राहिली. फोन उचलला जाईल या आशेने तो मिनिटभर तसाच उभा होता. मग कोणीतरी खिशातून मोबाइल काढला आणि रुग्णवाहिका आली. ते सहकारी बरे होऊन पुन्हा कामावर रुजू झाले आहेत, म्हणून हे येथे लिहिता येते. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. आमच्या योजनेत तळमजल्याचे क्रमांक १०१ पासून १२४ पर्यंत होते, आणि १०८ हा क्रमांक सायक्लोस्टाइलच्या जुन्या खोलीचा होता. ती खोली कित्येक वर्षे कुलूपबंद आहे. फोन तेवढा आत तसाच राहिला होता. त्या सायंकाळी घंटा वाजली ती त्या रिकाम्या खोलीत. पुढे पाहिले तो ११२ हा क्रमांक सेमिनार हॉलचा, आणि अग्निशमनाचा १०१ खुद्द विभागप्रमुखांचा निघाला.

"त्याने आधी शून्य लावावयास हवे होते" असे काही जणांनी म्हटले. या म्हणण्याचा विचार करताना अमेरिकेतील एका घटनेची आठवण देणे अवश्य आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सास राज्यातील मार्शल या गावी, हॉटेलच्या एका खोलीत, केरी हंट या तरुणीवर तिच्या विभक्त पतीने प्राणघातक हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी तेथे होती. मुलीने ९११ हा साहाय्याचा क्रमांक चार वेळा लावला. तो एकदाही लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेरच्या लाइनीसाठी आधी ९ दाबावा लागे. केरी हंट मरण पावली. तिच्या वडिलांनी चालविलेल्या प्रयत्नांतून तिच्या नावाचा कायदा फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर तयार होणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या वा बसविल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रावरून कोणताही पूर्वांक न लावता ९११ लागलाच पाहिजे, असे त्यात आहे.

मुलीची चूक झाली नव्हती. तिला जी भाषा शिकविली होती ती तिने बिनचूक वापरली. हॉटेलची पोटबोली निराळी होती, एवढेच. सार्वजनिक भाषेतील मोजके शब्द असे असतात की कोणत्याही संस्थेने आपल्या अंतर्गत बोलीत त्यांना दुसरा अर्थ देऊ नये. संकटात सापडलेला माणूस बोली बदलीत नाही. आमच्या योजनेने तेच केले होते. १०८ हा संकेत तिने नाकारला असता तरी बरे होते. निदान वेगळा टोन ऐकू येऊन साहाय्यक लगेच दुसरा मार्ग शोधता. तिने तो स्वीकारला आणि त्याचा भलताच अर्थ घेतला.

दुरुस्ती करावयाची म्हणजे १ ने सुरू होणारा एकही एक्स्टेन्शन ठेवावयाचा नाही. यंत्राच्या दृष्टीने हे काम फार मोठे नाही. प्रत्येक फोनची तार ज्या खाचेत येते तिला पोर्ट म्हणतात. पोर्ट स्थिर असते आणि त्यास दिलेला क्रमांक हे केवळ नाव. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरचे प्रतिपादन आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. येथे ते एका तक्त्यात दिसले. ऑपरेटरच्या फोनवरून परवलीचा क्रमांक देऊन यंत्राच्या योजनाकक्षेत शिरावयाचे, आज्ञेचा क्रमांक, मग पोर्ट, मग नवे नाव आणि शेवटी समाप्तीचे चिन्ह दाबावयाचे. चोवीस नावे दोन तासांत बदलून झाली. (तो परवलीचा क्रमांक कारखान्यातून आला तोच अद्याप चालू होता, तो आधी बदलला. ज्यांच्या कार्यालयात तो तसाच आहे त्यांनी हा लेख येथे बाजूस ठेवून प्रथम ते काम करावे.)

माणसांच्या दृष्टीने मात्र काम मोठे होते. तळमजल्यास ३०१ पासून क्रमांक दिले, तेव्हा पहिला मजला २ ने सुरू होतो आणि तळमजला ३ ने, हा कोणता न्याय, असा प्रश्न आला. छापील पत्रशीर्षे वाया जाणार होती. १०१ या क्रमांकाशी काही प्रतिष्ठा निगडित आहे असेही सुचविले गेले. अखेर विभागप्रमुखांनीच ती सोडली आणि चर्चा मिटली.

त्यानंतर १०१, १०८ व ११२ हे तीन संकेत यंत्रास शिकविले : कोणत्याही एक्स्टेन्शनवरून, शून्य लावून वा न लावता, ते तत्काळ बाहेर जावेत. ज्या फोनांवरून एरवी बाहेर बोलण्याची परवानगी नाही त्यांनाही यात अपवाद नाही. सहापैकी एक लाइन याच कामासाठी राखून ठेवली, कारण प्रवेशाच्या दिवसांत सहाही लाइनी गुंतलेल्या असतात. शिवाय बाहेरच्या माणसास फोन इमारतीतून आला एवढेच कळते, खोली कळत नाही. म्हणून असा फोन गेला की त्याच क्षणी पहारेकऱ्याच्या फोनवर घंटा वाजते व तो कोणत्या एक्स्टेन्शनवरून गेला ते दिसते. अमेरिकेतील कायद्यातही अशा सूचनेची अपेक्षा आहे.

जुने पिवळे कार्ड काढून टाकले. नव्यावर सात ओळी आहेत, सर्व क्रियापदांनी संपणाऱ्या, आणि हेतू आधी व बटण नंतर : "फोन दुसऱ्यास देण्यासाठी फ्लॅश दाबा, टोन ऐका, क्रमांक लावा." मराठीचा स्वाभाविक क्रम येथे फार उपयोगी पडतो. काय हवे ते आधी ऐकू आल्याने बटण तेवढे लक्षात ठेवावे लागते. "एक दाबा, प्रवेशासाठी" असे इंग्रजीच्या वळणाचे मुद्रित आवाज ऐकणाऱ्यास तो आकडा उगाच मनात धरून ठेवावा लागतो.

सेमिनार हॉलचा क्रमांक आता ३१२ आहे. तथापि बोटांना जुनी सवय आहे. पहिल्या महिन्यात हॉल मोकळा आहे काय हे विचारण्यासाठी दोघांनी ११२ लावला, आणि दोन्ही वेळा पलीकडून साहाय्य केंद्राचा आवाज आला. पहिल्याने घाबरून रिसीव्हर ठेवला. केंद्राकडून चौकशीसाठी उलट फोन आला आणि पहारेकरी धावत वर आला. दुसऱ्याने फोन न ठेवता चूक झाल्याचे सांगितले. नव्या कार्डावरील आठवी ओळ, चुकून लागल्यास फोन ठेवू नका, तसे सांगा, ही त्यानंतर हाताने लिहिलेली आहे.